पॅरिसमध्ये उतरायचं कुठे?

प्रश्न: आम्ही चौघं जूनमध्ये पॅरिसला जातोय. मी, यजमान, इंजिनिअरिंगला असलेला १९ वर्षांचा मुलगा आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. सहा रात्री पॅरिस, मग रेल्वेने स्वित्झर्लंड, तिथे चार रात्री. सासूबाई हिंडत्याफिरत्या आहेत, पण जिना म्हटलं की गुडघा धरतात. पूर्ण शाकाहारी. बाहेरचं खाणं दोन दिवस चालतं, तिसऱ्या दिवशी वरणभात लागतो. राहण्यावरून घरात तीन तट पडलेत. मुलाला माँमार्त्रमधलं पाचव्या मजल्यावरचं अपार्टमेंट आवडलंय. स्वयंपाकघर आहे, खिडकीतून शहराची छपरं दिसतात, लिफ्ट नाही. यजमानांनी विमानतळाजवळचं हॉटेल काढलंय, जवळजवळ निम्म्या दरात, नाश्त्यासकट. नणंद म्हणते गार द्यु नोर स्टेशनपाशी राहा, तिथे भारतीय जेवण मिळतं. पण सोसायटीतले एक जण म्हणाले, तो भाग चांगला नाही. व्हिसासाठी बुकिंग आधी लागतं म्हणे, मग व्हिसा नाही मिळाला तर पैसे बुडाले का? की हे सगळं सोडून टूर कंपनीबरोबरच जावं?
– एक वाचक, नाशिक

ताई,

तिघांनीही आपापल्या परीनं बरोबरच बघितलंय. मुलानं खिडकी बघितली, यजमानांनी दर बघितला, नणंदेनं जेवण बघितलं. दुपारी अडीच वाजता सासूबाई कुठे आडव्या होणार, हे मात्र कुणीच बघितलेलं नाही. माझ्या मते तुमची सहल सुखाची होणार की चिडचिडीची, हे त्यावर ठरेल.

जूनमध्ये पॅरिसला सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमारास. आयफेल टॉवरचे दिवे लुकलुकतात ते अंधार पडल्यावर, दर तासाला पाच मिनिटं. म्हणजे ती गंमत बघायची तर दहा वाजून जाणार आणि खोलीवर यायला अकरा. सकाळी नऊला बाहेर पडलेलं माणूस, मग ते चौऱ्याहत्तरचं असो की चोपन्नचं, तोवर टिकत नाही. मधे दोन तास पाठ टेकायला मिळाली की संध्याकाळी पाचनंतर दुसरा अख्खा दिवस हातात येतो, तोही उजेडाचा. पण त्यासाठी खोली अशा जागी हवी, की शहरात कुठेही असलात तरी अर्ध्या तासात, फार जिने न चढता परत येता यावं. म्हणून मी शोधायला उलटीकडून सुरुवात करते. आधी मेट्रोचं स्टेशन, मग स्टेशन ते दार, मग दार ते खोली, मग न्हाणीघर. फोटो आणि तारे सगळ्यात शेवटी.

या फूटपट्टीनं तुमच्या घरातले तिन्ही प्रस्ताव मोजून बघू.

चिरंजीवांचं माँमार्त्र. ही टेकडीच आहे. वरच्या साक्रे-कर चर्चकडे जाणाऱ्या नुसत्या एका रस्त्याला २२२ पायऱ्या आहेत. शेजारून छोटी केबल रेल्वे जाते, नाही असं नाही. पण ती चर्चला जायला, तुमच्या बिल्डिंगला नाही. तिथलं आबेस हे मेट्रो स्टेशन जमिनीखाली ३६ मीटर, सगळ्या पॅरिसमध्ये सर्वांत खोल. लिफ्ट आहे, ती ज्या दिवशी बंद असेल त्या दिवशी गोल गोल जिना. आणि हे सगळं करून बिल्डिंगच्या दारात पोचल्यावर पाच मजले, म्हणजे शंभराच्या आसपास पायऱ्या. जुन्या घरांतले हे जिने गोल फिरत जातात, पायरी एका बाजूला निमुळती होत जाते, त्यामुळे दुखऱ्या गुडघ्याला ती नेमकी नको तिथे लागते. मोठ्या बॅगा कोण चढवणार, हेही मुलाला विचारा. "मीच" म्हणेल, आणि चढवेलही. पण आजी एकदा वर गेल्या की दिवसभरासाठी वरच राहतील. माँमार्त्र बघायला जरूर जा, सकाळी आठ-साडेआठला, गर्दी व्हायच्या आत. राहायला मुलानं आणखी काही वर्षांनी मित्रांबरोबर जावं.

लिफ्टबद्दल जरा थांबून सांगते, कारण हा प्रश्न माँमार्त्रपुरता नाही. मध्य पॅरिसचा जो चेहरा आपण फोटोत बघतो, सारख्या उंचीच्या दगडी इमारती आणि लोखंडी नक्षीच्या बाल्कन्या, तो बराचसा १८५३ ते १८७० या काळात ओसमान या अधिकाऱ्यानं शहर पाडून नव्यानं बांधलं तेव्हाचा आणि त्यानंतरच्या काही दशकांतला. त्या वेळी घरांत लिफ्ट नव्हत्या. नंतर बसवल्या त्या जिन्याच्या मधल्या पोकळीत, जेवढी जागा मिळाली तेवढ्यात. दोन माणसं, किंवा एक माणूस आणि एक बॅग. काही ठिकाणी लिफ्टपर्यंत पोचायलाच चार पायऱ्या असतात, काही ठिकाणी ती दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर थांबते आणि मग वर किंवा खाली अर्धा जिना उरतोच. म्हणून "लिफ्ट आहे" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या, असं विचारा. हा प्रश्न विचारणारे थोडे असतात, त्यामुळे उत्तर बहुधा खरं मिळतं.

आता यजमानांचं विमानतळाजवळचं हॉटेल. दर निम्मा दिसतो, खरं आहे. पण शार्ल द गोल विमानतळ ते शहर या रेल्वेप्रवासाचं तिकीट २०२५ मध्ये माणशी १३ युरो होतं, एका बाजूचं. चौघं जाऊन येऊन १०४ युरो, रोज. युरो शंभर रुपयांच्या घरात धरा आणि हा हिशेब यजमानांसमोर ठेवा. ते चतुर असतील तर लगेच म्हणतील, आठवड्याचा पास काढू की. बरोबर आहे. नाविगो नावाचा साप्ताहिक पास मिळतो, २०२५ मध्ये त्याची किंमत ३१ युरो ६० सेंट होती (जानेवारीत हे दर थोडे वाढतात), त्यात विमानतळ, व्हर्साय, डिस्नेलँड सगळं येतं. पण पैशाचा प्रश्न सुटला तरी वेळेचा सुटत नाही. हॉटेलपासून विमानतळापर्यंत शटल, तिथून आरईआर बी ही लोकल, तीस-पस्तीस मिनिटं, मग मेट्रो. एका बाजूला सव्वा तास सहज जातो. दुपारी परत येऊन पुन्हा जाणं शक्यच नाही. म्हणजे सकाळी बाहेर पडलेल्या सासूबाई रात्री दहापर्यंत बाकांवर आणि कॅफेत बसून काढणार, आणि आयफेलचे दिवे लागायच्या आधीच "चला आता" सुरू होणार. पहाटेचं विमान असेल तर आदल्या रात्रीपुरतं हे हॉटेल उत्तम. तुम्ही तर पुढे रेल्वेनं जाताय, तेव्हा तेवढंही नको.

पासचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. हा पास सोमवार ते रविवार चालतो, कुठल्याही दिवसापासून सात दिवस नव्हे. तुमच्या सहा रात्री आहेत. सोमवारी सकाळी पोचून रविवारी स्वित्झर्लंडची गाडी पकडलीत तर एकच पास पुरतो. बुधवारी पोचलात तर दोन आठवड्यांत विभागणी होऊन तो परवडेनासा होतो. विमानाची तिकिटं अजून काढली नसतील तर हे आधी बघा. पासच्या कार्डाला छोटा फोटो लागतो. घरात व्हिसाच्या फोटोंचे तुकडे उरतीलच, ते पाकिटात टाका.

नणंदेचं गार द्यु नोर. सोसायटीतल्या गृहस्थांनी जरा जास्तच घाबरवलंय, आणि नणंदेनं जरा जास्तच गोडवे गायलेत. हे युरोपातल्या सर्वांत गजबजलेल्या स्टेशनांपैकी एक. लंडनची युरोस्टार इथून सुटते, विमानतळाची लोकल इथे थांबते, त्यामुळे बॅगा घेतलेली, रस्ता शोधणारी, थकलेली माणसं इथे सतत असतात आणि त्यांच्या खिशावर डोळा ठेवणारेही. दिवसा काही भीती नाही. रात्री उशिरा स्टेशनच्या आसपास टोळक्यानं उभी असलेली मुलं बघून तुम्हाला अस्वस्थ वाटेल. बहुतेक वेळा घडत काही नाही, पण दहा वाजता सासूबाईंचा हात धरून तिथून चालायचं तर मन शांत राहणार नाही.

मात्र स्टेशनच्या मागच्या बाजूचा ला शापेल हा भाग चुकवू नका. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ कुटुंबांनी तिथे दुकानं थाटली आहेत. कढीपत्ता, तूरडाळ, तांदूळ, कोथिंबीर, नारळ, सगळं मिळतं. सर्वणा भवन आहे, तिथे सासूबाईंना इडली-सांबार मिळेल. जवळच र्‍यू पाजोल या रस्त्यावर माणिक्क विनायगरचं, म्हणजे आपल्या गणपतीचं देऊळ आहे. ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथून गणपतीचा रथ निघतो, रस्त्यावर नारळ फोडले जातात आणि फ्रेंच लोक मोबाइल उंचावून बघत उभे राहतात. तुम्ही जूनमध्ये जाताय, रथ नाही मिळणार, दर्शन मिळेल. जेवायला आणि सामान घ्यायला जा, मुक्कामाला नको.

मग मुक्काम कुठे? माझं मत विचाराल तर गार द ल्यों. बाराव्या विभागातलं हे दुसरं मोठं रेल्वे स्टेशन, त्याच्या आजूबाजूला किंवा थोडं पुढे बेर्सीकडे. पर्यटकांच्या याद्यांत हा भाग सहसा येत नाही, कारण फोटो काढावा असं फारसं काही नाही. पण तुमच्या कुटुंबासाठी इतकी सोयीची जागा मला दुसरी दिसत नाही.

कारण असं. पॅरिसची मेट्रो १९०० साली सुरू झाली आणि जुन्या मार्गांवर जिनेच जिने आहेत. एक मार्ग बदलायचा तर खाली-वर करत लांबच लांब बोळांतून चालावं लागतं. शात्ले स्टेशनात तर तरुण माणूससुद्धा कंटाळतो. संपूर्ण मेट्रोत एकच मार्ग असा आहे, की ज्याच्या झाडून सगळ्या स्टेशनांवर रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्ट आहे: १४ नंबरचा. तो १९९८ साली सुरू झाला, म्हणून हे शक्य झालं. २०२४ मध्ये पॅरालिम्पिक झालं तेव्हा या एकुलत्या एक मार्गाची बरीच चर्चा झाली होती. हा मार्ग गार द ल्योंवरून जातो. तिथून शात्ले, लूव्ह्र संग्रहालयापासून चालत जाण्याजोगं पिरामिद, मादलेन, साँ-लाझार, सगळं बसल्या जागी. त्याच स्टेशनातून आरईआर ए ही लोकल जाते. ती एका बाजूला आर्क द त्रियाँफपाशी सोडते आणि दुसऱ्या बाजूला थेट डिस्नेलँडच्या दारात. आरईआर डी पकडली की शात्ले सोडून पुढचं स्टेशन गार द्यु नोर, म्हणजे नणंदेचं इडली-सांबार दहा-पंधरा मिनिटांवर. आणि स्वित्झर्लंडला जाणाऱ्या टीजीव्ही लिरिया गाड्या सुटतात त्या गार द ल्योंवरूनच. शेवटच्या दिवशी सकाळी चार माणसं आणि आठ डाग घेऊन शहर ओलांडायची वेळ येत नाही. सासूबाईंना नाश्ता शांतपणे करता येईल.

आयफेलसाठी तिथून सरळ मेट्रो नाही, हे खरं. पण बास्तीय चौकापर्यंत या, गार द ल्योंपासून तो फार लांब नाही, आणि ६९ नंबरची बस धरा. ती लूव्ह्रच्या बाजूनं, सेन नदी ओलांडून आयफेलखालच्या शाँ द मार्स बागेपाशी जाते. बसला जिना नाही, खिडकीतून शहर दिसतं आणि पास तोच चालतो. मी तर म्हणते, सासूबाईंना घेऊन मेट्रोपेक्षा बसनंच जास्त हिंडा. पॅरिसच्या बसगाड्यांचा तळ रस्त्यालगत, खाली असतो, चढायला पायरी लागत नाही.

गार द ल्योंला मनासारखं नाही मिळालं तर दोन जागा बघा. १४ व्या विभागातलं दाँफेर-रोशरो: विमानतळाची लोकल थेट येते, शेजारी भाजी-फळांच्या दुकानांचा छान रस्ता आहे, रात्री शांत. किंवा १३ व्या विभागात ओलंपियाद आणि बिब्लिओतेक; नकाशावर हे दुसरं "बिब्लिओतेक फ्राँस्वा मितेराँ" असं लांबलचक लिहिलेलं असतं. ही दोन्ही स्टेशनं १४ नंबरवरच, इमारती नव्या, लिफ्ट मोठ्या, दर उतरते. आयफेलजवळ राहायचा मोह होईल, पण टॉवर दिसणाऱ्या खिडकीचे पैसे रोज मोजायचे आणि ती खिडकी बघायला खोलीत कुणी नाही, असा तो व्यवहार असतो.

संकेतस्थळावर बघताना हॉटेलच्या नावात "पॅरिस" असलं म्हणजे ते पॅरिसमध्ये असतंच असं नाही. पत्त्यातला पिनकोड वाचा. ७५० नं सुरू होत असेल तर शहरात, आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे विभाग: ७५०१२ म्हणजे बारावा. हे २० विभाग लूव्ह्रपासून गोगलगाईच्या शंखासारखे गोल फिरत बाहेर गेलेत, त्यामुळे आकडा लहान तितकं साधारण मध्यावर. ९२, ९३, ९४ नं सुरू होणारे पिनकोड शहराला लागून, पण बाहेर. ९५ आणि ७७ आणखी लांब. यजमानांचं हॉटेल बघा, त्यातलंच एक निघण्याची शक्यता आहे. आणि गूगल मॅप्सच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये स्टेशनच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत बोटानं एकदा "चालून" या. चढ, फरसबंदी, रात्री उघडी असणारी दुकानं, सगळं दिसतं. हे काम मुलाला द्या. त्याचं माँमार्त्र गेलंय, तेवढाच मान राहील.

आता हॉटेल की अपार्टमेंट? तुम्हाला वरणभात हवाय, म्हणून स्वयंपाकघर लागणार. पण खासगी अपार्टमेंटची एक अडचण पहिल्याच दिवशी समोर येते. मुंबईहून रात्री निघालेलं विमान सकाळी पॅरिसला उतरतं, आणि खोली मिळते दुपारी तीनला. हॉटेलात काउंटरवर बॅगा ठेवता येतात, बसायला सोफा असतो, स्वच्छतागृह असतं. अपार्टमेंटच्या दाराला कोडचं कुलूप असतं आणि घरमालक फोनवर "थ्री पी.एम." म्हणतो. रात्रभर न झोपलेल्या सासूबाईंना घेऊन रस्त्यावर सहा तास काय करणार? म्हणून तुम्ही "अपार्ट-हॉटेल" शोधा. काउंटर, लिफ्ट, सामानघर हॉटेलचं. आणि खोलीतच ओट्याचा एक तुकडा, दोन शेगड्या, छोटा फ्रिज, भांडी. फ्रान्समध्ये हा प्रकार चांगला रुजलेला आहे, सितादीन, अदाज्यो अशा साखळ्याच आहेत, आणि बेर्सी-गार द ल्यों पट्ट्यात पर्याय मिळतात.

शेगडी विजेची असेल, बऱ्याचदा इंडक्शन. घरचा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापत नाही. निघण्याआधी फ्रिजवरचं चुंबक काढा आणि कुकरच्या बुडाला लावून बघा. चिकटलं तर न्या, घसरलं तर त्याचं ओझं उगाच नेऊ नका; बुडाला चुंबक धरणारा छोटा स्टीलचा कुकर न्या. फोडणी करताना मोहरी तडतडून धूर झाला की छतावरची घंटा वाजते आणि खालून माणूस वर येतो, तेव्हा खिडकी आधी उघडा, तेल नंतर तापवा. दही कुठल्याही दुकानात मिळतं, साधं, बिनसाखरेचं मागा. दहीभातापुरतं आंबट असतं. नळाचं पाणी पिण्याचं आहे, बाटल्यांवर पैसे घालवू नका.

अपार्टमेंटच घ्यायचं ठरलं, तर जाहिरातीत नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. स्वतःचं राहतं घर पर्यटकांना वर्षात १२० दिवस देता यायचं, ते १ जानेवारी २०२५ पासून ९० दिवसांवर आलंय; नियम कडक झालेत आणि बिनानोंदणीचं घर ऐनवेळी रद्द होऊ शकतं. आणि "संकेतस्थळाबाहेर थेट पैसे पाठवा, दहा टक्के कमी करतो" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. ते घर बहुधा अस्तित्वातच नसतं.

खोलीच्या आकाराची मनाची तयारी ठेवा. फ्रान्सच्या नियमाप्रमाणे दोन ताऱ्यांच्या हॉटेलात दोघांची खोली ९ चौरस मीटरची असली तरी चालते. म्हणजे ९७ चौरस फूट. दोन पलंग, आणि दोन मोठ्या बॅगा उघडल्या की जमीन संपली. तिथला "डबल" पलंगही बऱ्याचदा १४० सेंटिमीटरच रुंद. सासूबाई आणि तुम्ही एका खोलीत झोपणार असाल तर वेगवेगळे दोन पलंग, म्हणजे "ट्विन", असं लिहून मागा. चौघांना एकाच खोलीत कोंबून पैसे वाचवायचा विचार सोडा. सोफा ओढून पलंग होतो त्यावर मुलगा झोपेल, पण रात्री स्वच्छतागृहाकडे जायचा रस्ता त्याच्या पायावरून असेल.

न्हाणीघराचा फोटो सगळ्यात बारकाईनं बघा. टब असेल तर त्याची कड गुडघ्याच्या वर येते, आणि ओल्या पायानं ती ओलांडणं हा सासूबाईंच्या दृष्टीनं रोजचा धोका. काचेचा दरवाजा असलेला, जमिनीच्या पातळीवरचा शॉवर हवा. बसायला छोटं स्टूल मिळेल का, हेही विचारा; मोठ्या हॉटेलांत देतात. प्लास्टिकचा एक मग सामानात टाका, त्याची गरज मी वेगळी सांगायला नको.

एसी आहे का, हेही गृहीत धरू नका. २५ जुलै २०१९ ला पॅरिसचा पारा ४२.६ अंशांवर गेला होता, आणि छताला पंखा हा प्रकार तिथे नसतो. जूनमध्येही उन्हाची लाट येऊ शकते. सर्वांत वरच्या मजल्यावरची, छपराखालची खोली स्वस्त दिसली तर हेच कारण समजा. खोली रस्त्याकडे नको, आतल्या चौकाकडे मागा.

दर ठरल्यावर वर आणखी एक रक्कम द्यावी लागते, पर्यटक कर. तो बुकिंगमध्ये दिसतोच असं नाही. तीन ताऱ्यांच्या हॉटेलात माणशी दर रात्री पाच युरोंच्या वर; १८ वर्षांखालच्यांना माफ, पण तुमचा मुलगा १९ चा. चौघांचे सहा रात्रींचे १२० युरोंच्या पुढे जातात. दोन हॉटेलांची तुलना करताना हे धरूनच करा. मेअखेरीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत रोलाँ-गारोसचं टेनिस (फ्रेंच ओपन) असतं, जूनच्या शेवटी पुरुषांच्या कपड्यांचा फॅशन वीक. मधले दहा-बारा दिवस दराच्या दृष्टीनं त्यातल्या त्यात बरे.

विमानतळावरून मात्र पहिल्या दिवशी टॅक्सीच करा. शहरात जायचे दर ठरवून दिलेले आहेत. २०२५ मध्ये सेनच्या उजव्या तीरासाठी ५६ युरो होते, डाव्यासाठी ६५. गार द ल्यों उजव्या तीरावर. चौघांची लोकलची तिकिटं ५२ युरो झाली असती, म्हणजे चार युरोंत दारापर्यंत. बॅगा जास्त असतील तर मोठी गाडी मागा. आतमध्ये "टॅक्सी, टॅक्सी" करत अंगाशी येणाऱ्यांकडे बघूही नका. बाहेर अधिकृत रांग आहे, तिथे उभं राहा.

व्हिसाचं. हो, शेंगेन व्हिसाला (फ्रान्स, स्वित्झर्लंड धरून युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) राहण्याचा पुरावा लागतो, सगळ्या रात्रींचा आणि चौघांच्या नावांसकट. "फुकट रद्द करता येईल" असं बुकिंग करा आणि ती मुदत कोणत्या तारखेला संपते ते कॅलेंडरवर लिहा. अर्ज प्रवासाआधी सहा महिने ते १५ दिवस या काळात करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, कधी ४५. तेव्हा रद्द करण्याची मुदत व्हिसाच्या अपेक्षित तारखेनंतरची हवी, म्हणजे पैसे बुडायचा प्रश्नच नाही. काही एजंट "डमी बुकिंग" करून देतात, त्या फंदात पडू नका. वकिलातीनं हॉटेलला विचारलं आणि तिथे तुमचं नाव नसलं तर नकार पक्का. आणि रात्री मोजा: जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. सहा विरुद्ध चार, म्हणजे फ्रान्स. घाईत स्वित्झर्लंडच्या रात्री वाढवून बसाल तर हे गणित उलटेल.

टूर कंपनी वाईट नाही. रोज संध्याकाळी भारतीय जेवण आणि दारात बस, हे सासूबाईंना आवडेलही. पण सहलीची हॉटेलं बहुतेक शहराबाहेरची असतात, सकाळी साडेसातला बस सुटते आणि दुपारी कुणी झोपायला परत आणत नाही. सहा रात्री एकाच शहरात काढण्याची चैन तुम्हाला परवडतेय, तर स्वतःच जा.

दोन-तीन हॉटेलं निवडून झाली की प्रत्येकाला इंग्रजीतून चार ओळींची ईमेल करा. रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती, लिफ्टमध्ये तीन माणसं मावतात का, शॉवर टबाशिवायचा आहे का, सकाळी नऊला बॅगा ठेवून घ्याल का. ज्याचं उत्तर नेमकं आणि दोन दिवसांत येईल, ते हॉटेल घ्या. "आमच्या सर्व खोल्या आरामदायी आहेत" असं गुळमुळीत उत्तर आलं, तर पुढचं बघा.